बाळंत्याने गुंडाळून

आगमनाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, दुसरा रविवार उलटला की आमच्या घराच्या सोप्यात कापडाचा ढीग पडतो. जुन्या सुती साड्या, विरत आलेले पंचे, कुणाच्या सासूबाईंचं नऊवारी लुगडं, कुणाच्या वडिलांचं धोतर. चर्चच्या भगिनी मंडळातल्या आम्ही आठजणी दुपारी दोनला जमतो, चौकोन फाडतो, कडा दुमडून शिलाई मारतो. नवं कापड चालत नाही. नव्या कापडाची खळ एकदोन धुण्यांत जात नाही आणि पहिल्या आठवड्यातल्या बाळाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. त्याला जुनेरच हवं. शंभर वेळा धुतलेलं, कुणाच्या तरी अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं.

गल्लीतल्या एका मुलीनं परवा दारातून डोकावून विचारलं, "काकू, तुमच्यात नाताळला केक करतात ना? मग ही बाळुती कशाला?" केक करतोच. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्याही होतात आणि पंचवीस तारखेला दुपारी तांबडा-पांढरा रस्सा नसेल तर आमच्याकडे नाताळ झाला असं कुणी मानत नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला उभ्या उभ्या देता आलं नाही. म्हणून इथं लिहितेय.

मी एकतीस वर्षं नर्स होते. त्यातली वीसेक वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी कळायला लागल्यापासून ऐकत आलेय. रोमन बादशहा कैसर औगुस्ताचा हुकूम, नावनिशी लिहून देण्यासाठी नासरेथाहून बेथलेहेमाला निघालेलं योसेफ-मरीयेचं जोडपं, शंभर किलोमीटरच्या वर वाट, दिवस भरलेली बाई. दर नाताळला उपासनेत हे वाचलं जातं, आणि लहानपणी माझं लक्ष असायचं ते मेंढपाळ झालेल्या मुलांच्या खोट्या दाढ्यांकडे. नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्याच नाताळात मात्र एका वाक्याशी मी थांबले. मरीयेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. तिनं स्वतः. सुईण होती का, कुणी पाणी तापवलं का, नाळ कुणी कापली, यातलं लूक काही सांगत नाही. बाळंत्याचं मात्र सांगतो. एकदा नाही, दोनदा. कारण पुढं देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती हीच: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बाळ तुम्हाला आढळेल.

आता खूण म्हणजे ओळख पटवायची गोष्ट. आणि बाळंत्यात तर जगातलं प्रत्येक बाळ गुंडाळलेलं असतं. राजवाड्यातलं असो, पालातलं असो. नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं आणि त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. बाहेर आल्यावर काही मिनिटांत ते गार पडायला लागतं, म्हणून पहिलं काम पुसून कोरडं करणं, दुसरं काम गुंडाळणं. हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आणि मी पुढं कितीतरी मुलींना शिकवलं. ज्यानं आकाशातले तारे केले असं आम्ही मानतो, त्याला एका रात्री स्वतःची ऊब राखता येत नव्हती. फडक्याच्या भरवशावर होता तो. मला नाताळचा अर्थ विचाराल तर मी इथूनच सुरुवात करते.

"उतारशाळेत जागा नव्हती," असंही त्याच वाक्यात आहे. उतारशाळा म्हणजे उतारावर बांधलेली शाळा, अशी माझी लहानपणी समजूत होती. मुक्कामाची जागा, धर्मशाळा, हे खूप नंतर कळलं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये देवानं माझी ती लहानपणची समजूत खरी करून दाखवली.

त्या पुराबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला, शहरात प्यायचं पाणी मिळेना, पेट्रोल मिळेना. मी धाकट्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून शहराबाहेर तिच्या गावी गेले होते आणि तिथंच अडकले. तिचं गाव उंचावर. खालच्या दोन गावांतली माणसं नावांतून, ट्रॅक्टरमधून वर आणली होती आणि शाळेत ठेवली होती. गावाच्या दोन्ही बाजूंनी रस्ता पाण्याखाली. वर्गांत माणसं, व्हरांड्यात म्हशी. जनावरं सोडून यायला लोक तयारच नव्हते. एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, दावणीला बांधल्याली जनावरं बुडायला सोडून माणसानं कुठं जायचं ओ?" त्यामुळं शाळेच्या व्हरांड्यात वैरण पसरलेली आणि सातवीच्या वर्गात शेणाचा वास.

त्या म्हातारीचीच सून. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सला फोन लागला, पण येणार कुठून? बोट सकाळी उजाडल्यावरच. लाइट नव्हती. पत्र्यावर पाऊस इतका की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागत होतं.

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हातात काही नव्हतं. तेवढ्यात त्या गावची आशाताई आली. खालच्या गावातून सगळ्यांच्या शेवटी बोटीत बसलेली, आणि छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत काय तर तिच्या यादीतल्या गरोदर बायकांची कार्डं आणि बाळंतपणाचं एक किट. स्वतःच्या घरातलं टीव्ही-फ्रिज पाण्यात गेलेलं, पण पिशवी कोरडी. किटमध्ये नवं पातं, दोरा, साबण, हातमोजे. मला त्या क्षणी पिशवी बघूनच रडू आलं. २००५ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य अभियानानं या बायकांना 'आशा' नाव दिलं. त्यामुळं आमच्या भागात आशा हा शब्द गेली कित्येक वर्षं हवेतला राहिलेला नाही. आशा दारात येते, वजनाचा काटा घेऊन बसते, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का म्हणून रागावते.

पहाटे तीनच्या सुमारास मुलगा झाला. मोबाइलच्या दोन टॉर्च. बाळ लगेच रडलं नाही. अशा वेळी बाळंतिणीच्या तोंडाकडं बघायचं नसतं. मी पाठ चोळत राहिले, फडक्याच्या टोकानं तोंड पुसलं, तळव्यावर टिचक्या मारल्या. किती सेकंद गेले असतील? वीस? तीस? मग तो असा काही किंचाळला की व्हरांड्यातली म्हैस हंबरली, आणि सगळ्या शाळेत झोपेचं सोंग घेऊन पडलेली माणसं एकदम उठून बसली. नाळेतली धडधड थांबल्यावर मी दोन ठिकाणी दोऱ्यानं बांधून मधे कापली. म्हातारीनं नेसत्या लुगड्याचा कोरडा राहिलेला पदर टरकन फाडला. बाळ गुंडाळलं, आईच्या छातीवर ठेवलं, आणि नंतर आईला बघायला हात मोकळे हवेत म्हणून दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटमध्ये वैरणीवर पोतं आणि पोत्यावर चादर घालून त्यात निजवलं.

मी भिंतीला टेकून बसले तेव्हा समोर काय दिसलं ते सांगायची गरज नाही. मी कुणाला तेव्हा काही बोललेही नाही. ती माणसं हिंदू होती, घरं पाण्यात होती, त्यांना माझ्या चित्राशी देणंघेणं नव्हतं. पण ओळीनं माणसं यायला लागली. घोंगडी पांघरलेले बाप्ये, पोरंटोरं. क्रेटमध्ये डोकावून बघायची आणि गप उभी राहायची. चार दिवसांत त्या शाळेत हसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. पाणी एक इंचही उतरलं नव्हतं. कुणाची भिंत सावरली नव्हती, कुणाचा ऊस वाचला नव्हता. तरी त्या वर्गात काहीतरी फिरलं होतं. "ह्याचं नाव काय ठेवायचं?" यावर पहाटे साडेचारला पंचवीस माणसं हमरीतुमरीवर आली होती. ज्यांना उद्याचा दिवस दिसत नव्हता, ती एका पोराच्या बारशाचं ठरवत होती.

त्यानंतरच्या नाताळात आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात एक गोष्ट सांगितली. बायबलच्या जुन्या करारात इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत आशेला शब्द आहे 'तिकवा'. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोतली राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते आणि त्या दोरामुळं तिचं घर वाचतं, तिथं दोरासाठीही हाच शब्द आलाय. दोर आणि आशा एकच. उपदेश पुढं गेला, मी तिथंच राहिले. माझ्या बोटांना तो दोरा आठवत होता. माझ्यासाठी नाळ म्हणजेच तो दोर. आईच्या रक्तातून बाळाच्या रक्ताकडं जाणारा. देवानं जगाला आशा वरून दोर सोडून दिली नाही, तो स्वतःच नाळेला बांधून आला. आमच्यासारखाच. त्याचीही नाळ कुणीतरी कापली.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बाईंना सगळं सोपं दिसतंय. नाही.

मे २०२१ मध्ये माझे यजमान कोविडनं गेले. बारा दिवस ऑक्सिजनवर होते. मी आयुष्यभर दवाखान्यात काढलं आणि त्यांच्या खाटेपाशी मला जाता आलं नाही. दफनाला पाच माणसं, पाळकसाहेब धरून. जुलैत पुन्हा पूर आला, २०१९ च्याही वर पाणी. त्या डिसेंबरात मी घरावर तारा लावला नाही. तो दरवर्षी यजमानच करायचे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ शिजवून, सबंध रविवार घालवून. चर्चलाही गेले नाही. बायबल उघडलं ते लूक वाचवेना म्हणून मत्तय काढलं.

मत्तयाचा दुसरा अध्याय आम्ही चर्चमध्ये नाटकात करतो तेव्हा तारा दिसतो, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात, सोनं-ऊद-गंधरस ठेवतात आणि पडदा पडतो. अध्याय मात्र तिथं संपत नाही. हेरोद राजा फसवला गेला म्हणून संतापतो आणि बेथलेहेमातले दोन वर्षांचे व त्याच्या आतले सगळे मुलगे मारायला लावतो. योसेफ त्याआधीच, स्वप्नात देवदूतानं सांगितल्यावर, रातोरात बाळ-बाळंतीण घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळालेला असतो. आणि मागं राहिलेल्या आयांसाठी मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे शब्द घेतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय, सांत्वन करून घेत नाही, कारण ती नाहीत. हे नाताळच्याच गोष्टीत आहे. ताऱ्याच्याच अध्यायात. आम्हीच तेवढं पान उलटतो.

सांत्वन करून न घेणारी ती बाई मला त्या रात्री फार जवळची वाटली. देवाच्या पुस्तकात तिला कुणी गप्प केलेलं नाही, "देवाची इच्छा" म्हणून समजावलेलं नाही. तिचं रडणं लिहून ठेवलंय, एवढंच. मला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात समोरच्या घरातली वहिनी ताट झाकून घेऊन आली. दरवर्षी नाताळचा फराळ आमच्याकडून गल्लीत जातो, दिवाळीचा त्यांच्याकडून येतो. ती म्हणाली, "या वर्षी तुमच्या नाताळचा फराळ आमच्यातनं. करंज्यांत सारण कमी पडलंय, सांभाळून घ्या." मी चार करंज्या तिच्यासमोर बसून खाल्ल्या.

पुढं मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात, पुन्हा शिकवायला लागले, तेव्हा ठरवून हा अध्याय शेवटपर्यंत घेतला. पाचवीतल्या एका मुलानं हात वर केला. "टीचर, देवदूतानं योसेफालाच का सांगितलं? बाकीच्या मुलांच्या बाबांना का नाही?" वर्ग गप्प. मी त्याला खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. आजही माहीत नाही. वॉर्डात दोन खाटा शेजारी शेजारी, एकीचं बाळ जगलं, एकीचं नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या माणसाची मला भीतीच वाटते. पण त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी मानते. वाचलेलं ते बाळ कायमचं वाचलं नाही. तीसेक वर्षांनी ते आपल्या पायांनी यरुशलेमेत गेलं, तशाच सत्तेच्या हातात सापडलं, आणि या वेळी त्याला पळून जा म्हणून सांगायला कुणी देवदूत आला नाही. बेथलेहेमातल्या त्या मुलांच्या बाजूला जाऊन तो उभा राहिला. उपासनेत आम्ही 'इम्मानुएल' म्हणतो, म्हणजे आम्हांबरोबर देव. 'बरोबर' या शब्दाला किंमत मोजावी लागते, ती त्यानं मोजली. आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली, यावर माझा विश्वास आहे. ज्या कबरीवर पाचच माणसांनी माती घातली, त्या माझ्या यजमानांच्या कबरीसाठीही.

२०२३ साल आठवतं का? जूनमध्ये आपल्याच शहरात, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात गाझातल्या युद्धामुळं खुद्द बेथलेहेमातच नाताळचा थाट रद्द झाला. मुलानं पुण्याहून मला एक फोटो पाठवला होता. तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये गव्हाणी मांडलेली नव्हती. फुटक्या सिमेंटचे, फरश्यांचे तुकडे रचून ढिगारा केला होता आणि त्या ढिगाऱ्यात बाळ येशू ठेवला होता, त्यांच्याकडच्या काळ्या-पांढऱ्या रुमालात गुंडाळून. मी फोटो मोठा करून पाहिला. सवयीनं आधी पाहिलं ते कापड नीट गुंडाळलंय का. नीट गुंडाळलं होतं. ज्या कुणी ते केलं त्या हातांना बाळ धरायची सवय असणार.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात या भागातल्या मिशनमध्ये आली होती, चार-पाच वर्षांची, आई-बाप गेलेले. वायल्डर साहेब हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यानंतरच्या अर्धशतकात असं बरंच काही घडलं. लोकांनी त्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही बोललं आणि बोलायलाही हवं. आमच्या घरात फक्त एक गोष्ट राहिली. ती आली तेव्हा अंगावर पोत्याचा तुकडा होता, आणि एका बाईनं तो काढून आपल्या जुन्या पातळाचा फडका तिच्याभोवती लपेटला. पणजीला त्या बाईचं नाव आयुष्यभर आठवलं नाही. पातळाचे काठ हिरवे होते, हे आठवायचं.

तर बाळुती कशाला, हा प्रश्न होता. २०१९ च्या नाताळापासून आम्ही बाळंतविडे करतो. एकात सहा बाळुती, दोन झबली, टोपडं, एक दुपटं, अंगाचा साबण, आणि आईसाठी डिंकाचे लाडू. आगमनाच्या चौथ्या रविवारी ते चर्चमधल्या गव्हाणीत, वैरणीवर रचून ठेवतो, वर प्रार्थना होते. सोमवारी काही सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातात, काही आशाताईंच्या हाती वाड्या-वस्त्यांवर. ज्या घरात जायचं त्या घराचा देव कुठला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. जगातली युद्धं यानं थांबत नाहीत हे मला कळतं. पण देव जर फडक्याच्या भरवशावर राहून आला असेल, तर फडकी तयार ठेवणं हे आमचं काम आहे, इतकं मला स्पष्ट दिसतं. आशा ही मला आकाशात बघायची वस्तू वाटत नाही. ती रात्री तीनला किंचाळते, गार पडते, तिला कोरडं करावं लागतं, पाजावं लागतं.

क्रेटमधलं ते पोर आता शाळेत जातं. त्याच शाळेत. नाव शेवटी आजीनंच ठेवलं, ते इथं लिहीत नाही.

या वर्षी चाळीस विडे करायचे ठरलंय आणि कापड कमी पडतंय. नव्वद-एक बाळुती अजून हवीत. काल रात्री मी कपाट उघडलं. यजमानांच्या तीन पांढऱ्या लुंग्या खालच्या कप्प्यात चार वर्षांहून जास्त तशाच घडी घालून आहेत. सुती, इचलकरंजीच्या, अगदी मऊ. एका लुंगीत आठ चौकोन बसतात. मी पट्टी लावून मोजलं. एकीच्या कडेला पतंगाच्या कागदाच्या खळीचा डाग आहे, तो धुऊन जाईलसं वाटत नाही. आज त्या गरम पाण्यात भिजत घातल्यात. उद्या ऊन लागलं की दुपारी बायका यायच्या आत फाडून ठेवीन.